सुनेनं आणलेला नारळ

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि आज मंडळाच्या बैठकीला पाच जणी आल्या. पाच! त्यातली एक मी. दुसरी यल्लव्वा, ती खोलीच्या शेजारीच राहते म्हणून येते. तिसरी चहा पिऊन मुलाची शाळा सुटली म्हणून उठली, दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी दोन वाजता.

दारूचं दुकान बंद करायला आम्ही आडव्या बाटलीचं मतदान केलं तेव्हा याच खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे मी आणि आक्का चौगुले, मागे अख्ख्या गावच्या बायका. आता खोलीत काय आहे? लग्नकार्यात भाड्यानं न देता नुसती द्यायची म्हणून मंडळानं घेतलेली मोठी पातेली, कढया, पराती. सगळ्यावर धूळ. लग्नं आता हॉलवर होतात आणि भांडी केटरिंगवाल्याची असतात.

उठता उठता सरपंच बाबासो दारात आला. चप्पल न काढता उभा राहिला, त्यावरनंच कळलं. म्हणाला, "काकी, वाईट वाटून घिऊ नका. पोरं ह्या पंचायतीच्या खोलीत व्यायामशाळा मागत्यात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मंडळानं काय काम केलं ते सांगा, बायका आणून दावा, खोली तुमचीच. न्हायतर माझा नाइलाज हाय."

मी म्हटलं, "बाबासो, तुझी आई गेली तेव्हा तीन दिवस तुमच्या घरात भाकरी कुणी पोचवली रे?"

तो खाली बघून हसला. हसण्यासारखं मी काय बोलले?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बिद्रीच्या कारखान्यातनं रिटायर झाल्यापासून कशातच भाग घेत नाहीत. म्हणाले, "देऊन टाक की खोली. सुटशील." मी म्हटलं, तुम्ही टीव्ही बघा. खोली गेली तर मंडळ गेलं. मंडळ गेलं तर मी कोण? रिटायर बालवाडी शिक्षिका, गुडघे दुखणारी.

३ नोव्हेंबर, सोमवार

खालच्या गल्लीत म्हातारा वारला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मंडळानं तिथं तीन दिवस भाकरी आणि पिठलं पोचवायचं, हे आमचं जुनं काम. पहाटे उठून मी आणि यल्लव्वानं भाकऱ्या बडवल्या. बाकीच्या कुणी फोन उचलला नाही. बुट्टी घेऊन गेले तर म्हाताऱ्याचा मुलगा म्हणतो, "कशाला तरास घेतलासा काकी, पोरानं डबे सांगितल्यात." दारात खरंच प्लास्टिकचे डबे रचलेले. प्रत्येकात गुलाबजाम! मयताच्या घरी गुलाबजाम!

बुट्टी घेऊन परत येताना रस्त्यात ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यांना भाकऱ्या वाटल्या. त्यांनी निदान खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जीवात जीव आला. कारण श्रुती.

श्रुती म्हणजे आक्काची सून आणि मंडळाची चिटणीस. माहेर पेठ वडगावचं, बी. कॉम. आहे, अक्षर मोत्यासारखं. चार वर्षांची अनुजा नावाची मुलगी आहे तिला. आमच्या मंडळात सभासद बाई नसते, घर असतं. सासू थकली की तिची जागा सुनेला, पण सासूनं स्वतः हाताला धरून आणून बसवली तर. आक्कानं श्रुतीला तशीच आणून बसवली. ही पद्धत मीच घातली, आणि त्यामुळंच कुठल्या घरातल्या पुरुषानं मंडळाला नाव ठेवलं नाही. तालुक्यातली बाकीची मंडळं भांडणात फुटली, आमचं टिकलं.

तर श्रुती म्हणाली, "काकी, गावात ज्या ज्या गरोदर हायत त्यांचं एकत्र डोहाळजेवण करूया. चौकात. स्पीकर लावून. सगळ्यांची नावं आधीच आपल्या दारातल्या फळ्यावर लिवायची."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला आनंदानं. असलं डोकं या वयात मला का सुचलं नाही! मोठी भांडी निघतील, बायका येतील, फोटो निघतील, बाबासोच्या नाकासमोर होईल सगळं.

"पण लवकर करूया काकी. पुढच्याच आठवड्यात."

"अगं, घाई कसली? गरोदर बायका काय पळून जाणार आहेत?"

ती हसली नाही. तिला माझे विनोद कळत नाहीत. मी तिला सांगितलं, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार धरू, अठरा डिसेंबर. शिवाय घराघरातनं नारळ यायला पाहिजेत. तोही आमचा नियम. मंडळानं कुणाच्या घरच्या कार्यात हात घालायचा तर त्या घरातली मोठी बाई नारळ घेऊन बोलवायला येते. नारळ नाही तर मंडळ नाही. एकदा एका घरच्या भांडणात आम्ही बिनबोलावता गेलो आणि शिव्या खाऊन आलो, तेव्हापासून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तीन घरांतून नारळ आले! चौथा येणार आहे. पातेली चिंच लावून घासायला काढली. घासायला सात-आठ जणी आल्या, गप्पा मारत बसल्या. कितीतरी दिवसांनी खोलीत आवाज झाला, मला तर भरून आलं.

आक्का पण आली होती. कढई घासता घासता म्हणाली, "लीले, तू हायस म्हणून मंडळ हाय." आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. मला बहिणीपेक्षा जवळची आहे ती.

सगळ्या गेल्यावर यल्लव्वा म्हणाली, "बाई, ती चौगुल्यांची सून भ्याल्यागत करतीया. धड जेवत बी न्हाय."

पित्त असेल, म्हटलं. आजकालच्या पोरी उपाशीपोटी चहा पितात.

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी पूजा आटोपून पोथी वाचत होते, तर श्रुती मागच्या दारानं आली. पदराखाली काहीतरी. काढलं तर नारळ.

मला काही कळेना. म्हटलं, कुणाचा?

"माझाच."

मग कुठं माझी ट्यूब पेटली. तिसरा महिना चालू आहे म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, गालावरनं हात फिरवला. अंग थंडगार होतं तिचं. मग सांगितलं, बाई गं, तिसऱ्यात कुठं डोहाळजेवण? ते सातव्यात. तिसऱ्यात चोरचोळी करतात, तीसुद्धा घरातल्या घरात. तोवर गावात तोंड उघडायचं नसतं, दृष्ट लागते.

"लागू दे दृष्ट," ती म्हणाली. "काकी, माझं नाव फळ्यावर लिवा."

"वेडी का काय तू?"

"जेवण नका घालू. वटी नका भरू. नुसतं नाव लिवा. मीच लिवतो पाहिजे तर, खडू द्या."

हट्टाला पेटली होती अगदी. हौस असावी पण किती! मी समजावलं, नारळ सुनेनं आणायचा नसतो. आक्का आणेल, सातव्या महिन्यात वाजतगाजत आणेल, तेव्हा तुझं नाव सगळ्यात वर लिहू. तर माझा हात धरून म्हणते, "तवर न्हाय टिकायचं काकी." आणि डोळ्यांत पाणी.

पहिल्या तीन महिन्यांत असं मन हळवं होतंच. मला नाही का माझ्या थोरल्याच्या वेळी भिंतीवरची पाल बघून रडू यायचं. म्हटलं, अगं, असं अभद्र बोलू नये. लिंबाचं सरबत दिलं. अर्धं पिऊन गेली. नारळ मात्र तसाच ठेवून गेली, ओट्यावर.

५ डिसेंबर, शुक्रवार

नारळ ठेवून घेणं बरोबर नव्हतं. उद्या आक्काला कळलं असतं तर तिला वाटलं असतं, लीला माझ्या मागनं माझ्या सुनेला फितवते. म्हणून सकाळी स्वतः घेऊन गेले.

आक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी हसत हसत नारळ तिच्या मांडीवर ठेवला. "आक्का, पुन्हा आजी होणार आणि मला सांगायचं नाही व्हय? सुनेला बघ किती घाई झालीय, तिसऱ्यातच फळ्यावर नाव लिहा म्हणते!"

आक्काचा हात शेंगांतच राहिला. मला वाटलं लाजली. मग विचारलं, "आणि कुणाला सांगिटलंस?"

"मी काय लहान आहे? कुणाला नाही."

"फळ्यावर न्हाय न्हवं लिवलं?"

"नारळ तुझ्या हातनं आल्याशिवाय लिहीन का मी?"

तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तू लई मोठ्या मनाची हायस लीले." आतनं श्रुती बाहेर आली नाही. तिचा नवरा पृथ्वीराज मात्र मोटरसायकल पुसता पुसता थांबून आमच्याकडे बघत होता.

चहा घेऊन आले. पद्धतीप्रमाणं वागलं की मन हलकं राहतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चिडचिड झालीय नुसती. कार्यक्रम सहा दिवसांवर आला, मंडपवाला फोन घेत नाही आणि चिटणीसबाई काय विचारायला येतात? "काकी, उद्या शनिवारी मंडळाचं काम हाय म्हणून घरात सांगा. मला दिवसभर कोल्हापूरला घिऊन चला. कुठंबी."

उद्या त्यांचं अख्खं घर सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला चाललंय. आक्कानं कालच सांगितलं होतं, यात्रेची गर्दी ओसरली, आता जाऊन येतो, पृथ्वीराजनं गाडी केलीय. मी श्रुतीला म्हटलं, देवीला जायचा कंटाळा येतो होय गं? सासू तुला गाडीनं नेते, आम्हाला तर ट्रकमधनं नेलं होतं, तान्ही पोरं घेऊन.

"तुमचं ऐकतील त्या. तुम्ही नुसता फोन करा."

"मी आक्काशी खोटं बोलू?"

ती दारातल्या फळ्यावर ज्या चौघींची नावं मी परवा लिहिली होती ती वाचत उभी राहिली. बराच वेळ. मी आतनं हाक मारली, अगं, खुर्च्यांचं काय झालं? बाहेर येऊन बघते तर गेलेली.

या पोरीच्या भरवशावर मंडळ सोडून मी कशी मरू?

१८ डिसेंबर, गुरुवार

झालं! आणि छान झालं!

चौकात मंडप, चौघी गरोदर पोरी हिरव्या साड्यांत, फुलांचे दागिने. मोठ्या कढईत मसालेभात. बायका किती होत्या ते मोजलं नाही, पण पंगती पुन्हा पुन्हा बसल्या. बाबासो स्वतः येऊन फोटोत उभा राहिला, आणि यावेळी चप्पल काढून. आक्का नव्या इरकलीत सगळ्यांना वाढत होती. चौघींच्या ओट्या तिनंच भरल्या.

श्रुती नव्हती. मला राग आला होता, कल्पना तिची आणि ऐन दिवशी तीच गायब. वाढता वाढता आक्काला विचारलं तर बाजूला घेऊन कानात म्हणाली, "पोट पडलं तिचं. गाडीच्या परवासानं दगदग झाली. आज कुणाला बोलू नगंस, शुभ कार्य हाय."

मी रागावले तिच्यावर, तिसऱ्या महिन्यात एवढ्या लांब न्यायचं असतं का? एवढी वर्षं झाली, कळू नये? आक्का म्हणाली, "देवाच्या मनात न्हवतं." डोळे पुसून पुन्हा वाढायला गेली. धीराची बाई आहे.

सगळ्यात लहान गरोदर पोरीनं उखाणा घेतला तेव्हा सगळ्या खदखदून हसल्या. मी पण हसले. पण जेवण जाईना.

२१ डिसेंबर, रविवार

श्रुतीला बघायला गेले. डिंकाचे लाडू नेले होते. भिंतीकडे तोंड करून पडली होती, अनुजा तिच्या पाठीला चिकटून. मी केसांवरनं हात फिरवला, म्हटलं, पुन्हा होईल गं, वय काय तुझं. तिनं माझा हात उचलून बाजूला ठेवला. झिडकारला नाही, उचलून ठेवला. तिच्या दुःखाला मी समजू शकते, तरी जरा लागलंच मला.

निघताना आक्काला म्हटलं, देवीचा भंडारा दे की कपाळाला. दरवेळी मला पुडी बांधून आणते. म्हणाली, "गडबडीत ऱ्हायला बघ. गर्दी कसली म्हणतीस!"

गर्दी ओसरली म्हणूनच गेले होते ना?

असेल. शनिवार होता.

६ जानेवारी, मंगळवार

श्रुती अनुजाला घेऊन वडगावला निघून गेली, न सांगता. आठ दिवस झाले. फोन घेत नाही. आक्का आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, हातात नारळ. म्हणाली, "मंडळाच्या वतीनं तू जा आणि तिला नांदायला घिऊन ये. तुझा शबुद मोडायची न्हाय ती."

रुसून गेलेल्या सुनांना आणणं हे मंडळाचं सगळ्यात जुनं आणि नाजूक काम. किती घरं आम्ही सांधली! ग्रामसभेत सांगायला हेही बरं. नारळ रीतीनं आला होता, मी घेतला.

यल्लव्वाला म्हटलं, चल माझ्याबरोबर वडगावला. ती म्हणाली, "मी न्हाय येत. तिला का म्हणून आनायची?" म्हातारी अलीकडं उलटं बोलायला लागलीय.

९ जानेवारी, शुक्रवार

कुठनं लिहू.

कोल्हापूरला एसटी बदलून वडगावला पोचले तेव्हा दुपार झाली होती. श्रुतीच्या आईनं दार उघडलं, या म्हणाली नाही, नुसती बाजूला सरकली. श्रुती मेथी निवडत बसली होती. मी नेहमीचं सुरू केलं, संसारात थोडं मागंपुढं व्हायचंच, आक्काचा जीव आहे तुझ्यावर वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काकी, आमची गाडी सौंदत्तीला गेलीच न्हाय."

कर्नाटकची सीमा ओलांडल्यावर कुठल्यातरी गावात एका घरात नेलं तिला. दवाखान्याची पाटी नाही, काही नाही. पोटाला मशीन लावलं. आत आक्का होती. आक्कानं बाहेर येऊन पृथ्वीराजला मानेनंच नाही म्हणून सांगितलं. मग तिथंच, त्याच खोलीत.

"आधीच ठरलं होतं त्यांचं," श्रुती म्हणाली. "पोरगी असंल तर न्हाय म्हणून. दिवाळीपासनं ऐकत होतो मी."

तिची आई दारात उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती. मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि का विचारावं?

मी म्हटलं, "अगं, मग मला स्पष्ट नाही का सांगायचं?"

"काय केलं असतंसा?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, विचारल्यासारखं. "घरातनं नारळ येऊ दे म्हटलं असतंसा."

मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागले.

"फळ्यावर माझं नाव असतं तर गावानं विचारलं असतं, पोर कुठं गेलं म्हणून. मग त्यास्नी काय करता आलं नसतं. तेवढंच पायजे होतं मला. तुम्ही नारळ परत दिलासा त्याच रात्री गाडी ठरली."

आक्कानं दिलेला नारळ पिशवीत होता. पिशवी मी उघडलीच नाही. पाया पडायला आलेली अनुजा "आज्जी, आमच्यात ऱ्हावा की," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

एसटीत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

मला लाज वाटते आणि रागही येतो. तिनं नीट मराठीत सांगितलं असतं तर? मला कोड्यात बोललेलं कसं कळावं? मी पद्धतीनंच वागले. पद्धत मोडली असती तर सगळ्या गावानं मलाच नावं ठेवली असती. पण हे लिहितानाही पटत नाही. "तवर न्हाय टिकायचं" यात कोडं कुठं होतं?

१० जानेवारी, शनिवार

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, "चौगुल्यांच्या घरात तू पडू नको. भावकी मोठी आहे त्यांची."

मी फळा पुसायला गेले. चौघींची नावं अजून तशीच आहेत. पुसवलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली. आज आक्काकडे गेले. ठरवून गेले होते की तोंडावर विचारायचं, आणि विचारलं.

मला वाटलं होतं नाकारेल, शपथा घेईल. तिनं नुसता पाट पुढं केला. म्हणाली, "बस." मग माझ्याकडे न बघता बोलली, "मला पैल्या दोन्ही पोरी. दुसरीच्या टायमाला सासूनं चार म्हैनं गोठ्यात निजवलं मला, ओल्या बाळंतिणीला. पृथ्वीराज झाला तवा कुठं घरात किंमत आली. तुला पैलाच पोरगा झाला लीले. तू मला नगंस शिकवू."

"मग तुला तर जास्त कळायला पाहिजे होतं आक्का!"

"कळतंय म्हणून तर लवकर केलं. तिला गोठ्यात न्हाय निजवली मी."

एवढं बोलली आणि रडायला लागली. ढसाढसा. मी या बाईबरोबर दारूच्या दुकानासमोर बसून मार खाल्लाय. तिच्या पाठीवर हात ठेवावा की उठून जावं, काही कळेना. शेवटी म्हटलं, हे पोलिसात गेलं पाहिजे. तर डोळे पुसत म्हणाली, "जा की. कागदावर सही श्रुतीची हाय. आधी तिलाच नेतील." हे खरं की खोटं मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल. विचारणार कुणाला?

मी उठले. दारात चप्पल घालत होते तेव्हा मागनं म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "ग्रामसभेला बायका कमी पडतील न्हवं तुला? आमच्या भावकीतल्या सगळ्या आणतो मी."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. जीभ उचललीसुद्धा होती. डोळ्यांसमोर खोली आली, कुलूप तोडून आत डंबेल ठेवणारी पोरं आली. म्हटलं, "येतील तेवढ्या आण."

१९ जानेवारी, सोमवार

श्रुतीला फोन केला. उचलला. मी म्हटलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी हाय." मी म्हटलं, "तुला नांदायला ये म्हणून फोन नाही केला." ती म्हणाली, "मग कशाला केला?"

मी तिला दिवसभर काय करतेस ते विचारलं. वडगावात एका दुकानात हिशेब लिहायला जायला लागलीय म्हणे. ठेवते म्हणाली.

मंडळानं एक ठराव करावा असं मनात आलं. की सुनेनं आणलेला नारळही घ्यायचा. कागदावर लिहून पाहिला. वाचून दाखवायला यल्लव्वाकडे गेले. तिनं ऐकलं आणि विचारलं, "सभंत वाचणार?" मी म्हटलं, बघू. ती उठून शेरडाला पाला घालायला गेली.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं, पोरांना चॉकलेटं वाटली, मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. थंडी होती. बायकांची बाजू गच्च भरली होती. आक्कानं शब्द पाळला, चौगुल्यांच्या भावकीतल्या झाडून सगळ्या आणल्या, अगदी पाय धरलेली थोरली जाऊसुद्धा रिक्षातून.

बाबासोनं नाव पुकारलं. मी उठून अहवाल वाचला. सामुदायिक डोहाळजेवणाचं वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. "ही कल्पना कुणाची?" बाबासोनं माइकवरनं विचारलं. मी म्हटलं, "मंडळाची." ठरावाचा कागद पर्समध्ये होता. आधी खोलीचं होऊ दे, मग काढू, असं ठरवलं होतं मी. खोली मंडळाकडेच ठेवायचं ठरलं. व्यायामशाळेवाली पोरं शिट्ट्या मारून निघून गेली.

मग ग्रामसेवकांनी विचारलं, "नवीन वर्षाची कार्यकारिणी सांगा. चिटणीस श्रुती चौगुले, त्याच का?"

मी तोंड उघडणार तोवर आक्का उठली. म्हणाली, "ती आता न्हाय नांदायची. जागा आमच्या घराची हाय, ती आमच्याच घरात ऱ्हाऊ दे. पृथ्वीराजचं दुसरं बघतोय. नवी सून आली की ती लिवंल."

दोन-चार जणी हसल्या. कुणीतरी म्हणालं, "साखरपुड्याला बोलवा मातर!" आक्काही हसली आणि माझ्याकडे बघितलं, जसं कढई घासताना बघायची तसंच.

बाबासो म्हणाला, "अध्यक्षबाई, हाय का मंजूर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कागद पर्समध्येच होता. आता बोलले तर या सगळ्या उठून जातील, मिळालेली खोलीही जाईल, म्हाताऱ्या बायका कुठं बसतील, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मी हात वर केला. माझ्यामागनं सगळ्यांनी केला.

यल्लव्वा पुढच्याच रांगेत होती. तिनं केला नाही. मी मानेनं खुणावलं, दोनदा. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. थंडीच तशी होती.

ग्रामसेवकांनी विचारलं, "काय लिहू?"

मी म्हटलं, सर्वानुमते लिहा.